छावणीतली हौस

'हौशी' हा शब्द आपण मराठी माणसे दोन सुरांत उच्चारतो. 'गृहस्थ मोठे हौशी हो!' असे म्हणताना त्यात कौतुक असते. आणि 'हौशी मंडळींचे नाटक होते' असे म्हणताना नाक किंचित मुरडलेले असते. काहीही असो, हौशी माणसाची जागा घरात, गल्लीत, फार तर गावच्या वाचनालयात, असे आपण गृहीत धरतो. लष्कराच्या छावणीत हौसेला जागा असेल हे आपल्या मनातही येत नाही. तिथे हुकूम असतो, कवायत असते, वेळापत्रक असते. आणि तरीही विसाव्या शतकात अनेक देशांच्या छावण्यांमध्ये एक खोली अशी असे, की तिथे जवान आणि अधिकारी ड्यूटी संपल्यावर केवळ हौसेखातर जमत. कानाला हेडफोन, पुढ्यात बिनतारी संच, छपरावर ताणलेली तार आणि रात्री उशिरापर्यंत चाललेले कडकट्ट. हा छावणीतला हॅम रेडिओ क्लब. गेल्या तीस-चाळीस वर्षांत या खोल्या एकेक करून बंद पडल्या. काही ठिकाणी क्लबाची पाटी शिल्लक आहे. पण आत जमणारे बहुतेक निवृत्त, पांढऱ्या केसांचे.

बंद पडल्या तर पडल्या, त्यात एवढे काय, असे आपल्याला वाटेल. टाइपरायटर गेला, तार गेली, तसेच हेही गेले. मला मात्र ही गोष्ट तितकी साधी वाटत नाही. का वाटत नाही, ते सांगण्यासाठी हा लेख.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा आणि ठरवून दिलेल्या लहरींवर आपल्या घरातून जगाशी बोलायचे, हा हॅमचा उद्योग. त्यातून पैसा मिळवायला बंदी. गुप्त भाषेत बोलायलाही बंदी. प्रत्येकाला एक संकेतनाम मिळते. आपल्याकडची बहुतेक नावे 'व्हीयू'ने सुरू होतात. राजीव गांधी 'व्हीयू टू आरजी' होते. एखाद्या मोठ्या बल्बाला लागते तेवढ्या विजेवर चालणाऱ्या संचातून निघालेली लहर वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावर आपटून परत जमिनीवर येते आणि हजारो मैलांवरच्या अनोळखी माणसाच्या कानात पडते. मधे ना तार, ना कंपनी, ना उपग्रह. सूर्यावरचे डाग वाढले की आवाज लांब जातो, कमी झाले की तोच आवाज हरवतो. मग आज कुठली लहर उघडी आहे, अँटेना किती लांब हवी, खरखरीतून शब्द कसा वेचायचा, हे सगळे स्वतः शिकावे लागते. बोलणे झाले की दोघे एकमेकांना पोहोच म्हणून कार्ड पाठवतात. भिंतीवर अशी कार्डे लावणे, हे या माणसांचे दागिने.

आपल्याकडची ही गोष्ट सांगताना महूला जावेच लागते. मराठी माणसाला महू ठाऊक आहे ते बाबासाहेबांचे जन्मगाव म्हणून. सुभेदार रामजी सकपाळ तिथल्या छावणीत होते आणि १४ एप्रिल १८९१ रोजी तिथेच बाबासाहेब जन्मले. त्याच छावणीत पुढे लष्कराचे 'स्कूल ऑफ सिग्नल्स' होते. १९४८ साली, म्हणजे स्वातंत्र्य जेमतेम वर्षाचे असताना, त्या शाळेत 'अमॅच्युअर रेडिओ क्लब ऑफ इंडिया' स्थापन झाला. पुढे त्याचे कार्यालय दिल्लीला गेले आणि १९५४ साली त्याचे नाव 'अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया' झाले. भारतातल्या हॅम मंडळींची राष्ट्रीय संघटना ती हीच. म्हणजे नागरी हौसेचा पाळणा लष्कराच्या छावणीत हलला.

यात एक गंमत आहे. कलकत्त्यात अमरेंद्रचंद्र गुप्तू आणि मुकुल बोस यांनी १९२१च्या सुमारास या छंदाचा श्रीगणेशा केला होता. दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि इंग्रज सरकारने हौशी मंडळींना आपापले संच जमा करायला लावले. बिनतारी यंत्र हातात असलेला मोकळा माणूस सरकारला परवडत नाही, हे त्यामागचे भय. ते अगदीच खोटे नव्हते. ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त 'काँग्रेस रेडिओ' सुरू केला, तेव्हा त्याचा संच उभा करण्यात नरिमन प्रिंटर या हौशी तंत्रज्ञाचाच हात होता. ज्या हौसेला १९४२ साली पोलीस शोधत होते, तिला १९४८ साली वर्दीतल्या माणसांनीच आपल्या दारात जागा दिली. नव्या देशाच्या सेनाधिकाऱ्यांना ही दृष्टी होती, याची नोंद आपण अभिमानाने ठेवायला हवी.

लष्कर आणि हौस यांचे नाते सर्वांत मोठ्या प्रमाणावर जुळले ते अमेरिकेत. १९२५ साली तिथल्या सिग्नल कोअरचे कॅप्टन थॉमस राइव्ह्ज यांनी लष्कर आणि देशभरचे हॅम यांना जोडणारी व्यवस्था उभी केली. हिशेब सरळ होता. लढाई सुरू झाली की हजारो बिनतारी चालक लागणार. ते एका दिवसात तयार होत नाहीत. मग जे आपल्या घरी, आपल्या पैशाने, आनंदाने तयार होत आहेत, त्यांच्याशी ओळख ठेवावी. पर्ल हार्बरनंतर ही व्यवस्था थांबली. १९४८ साली ती नव्या रूपात सुरू झाली आणि 'मार्स' या संक्षिप्त नावाने ओळखली जाऊ लागली. त्या काळात महायुद्धातले बिनतारी संच डिस्पोजलच्या मालात मातीमोलाने विकले जात होते. युद्धातून परतलेले तरुण ते विकत घेत, उघडत, जुळवत. छावणीतून घरी आणि घरातून छावणीत असे ज्ञान दोन्ही बाजूंनी वाहत होते.

यातून लष्कराला काय मिळाले? एकच उदाहरण देतो. अमेरिकेच्या अण्वस्त्रधारी बॉम्बर ताफ्याचे प्रमुख जनरल कर्टिस लमे हे इतिहासातले कठोर गृहस्थ. टोकियोवरच्या अग्निबॉम्बच्या वर्षावामागे त्यांचेच नाव येते. पण हा माणूस हॅम होता. 'सिंगल साइडबँड' नावाची, कमी जागेत आणि कमी शक्तीत आवाज लांब पोहोचवणारी पद्धत हौशी मंडळी आधीपासून वापरत होती. १९५६ साली लमे यांच्या ताफ्याने हौशी धाटणीचे संच विमानात बसवले आणि उडता उडता जगभरच्या हॅमशी बोलून त्यांची परीक्षा घेतली. पद्धत पसंत पडली आणि अख्ख्या ताफ्याने स्वीकारली. छंदाच्या टेबलावरची वस्तू जगातल्या सर्वांत भयंकर विमानांत जाऊन बसली. जनरलसाहेब स्वतः हौशी नसते, तर हे इतक्या लवकर घडले असते का?

पण मला त्याहून जवळचे वाटते ते दुसरे उदाहरण. व्हिएतनाममध्ये लाखो अमेरिकन तरुण लढत होते. घरी फोन करायची सोय जवळजवळ नव्हती. तिथल्या तळांवर 'मार्स'ची केंद्रे होती. जवान रांगेत उभा राही. त्याचा आवाज लघुलहरींवरून महासागर ओलांडून अमेरिकेतल्या एखाद्या हॅमच्या घरी येई. तो हॅम तो आवाज आपल्या साध्या टेलिफोनला जोडून देई आणि जवानाच्या घरची घंटा वाजे. मिळत ती मोजकी मिनिटे. एका वेळी एकालाच बोलता येई, म्हणून प्रत्येक वाक्य संपले की 'ओव्हर' म्हणावे लागे. ते ऐकले की हॅम आपला खटका फिरवी. नवरा-बायकोच्या बोलण्यात एक तिसरा माणूस सतत कान देऊन बसलेला! 'तुझी आठवण येते, ओव्हर.' 'बाळ बसायला लागला, ओव्हर.' ॲरिझोनातले सिनेटर बॅरी गोल्डवॉटर, ज्यांनी १९६४ साली राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवली, त्यांच्या घरी असे केंद्र होते आणि शेजारीपाजारी पाळ्या लावून ते चालवत. त्या एका केंद्रातून दोन लाखांवर फोन जोडले गेले, असे सांगितले जाते. गोल्डवॉटर यांचे राजकारण कुणाला पटो न पटो, या कामाबद्दल त्यांच्यापुढे मान लवते.

मग हे सारे ओसरले कसे? कुणी एका दुष्टाने ते मारले नाही. कारणे अनेक आणि प्रत्येक कारण आपापल्या जागी रास्त. ब्रिटनमध्ये सक्तीची लष्करभरती साठच्या दशकाच्या आरंभी संपली, अमेरिकेत १९७३ साली. भरती सक्तीची होती तेव्हा शाळा-कॉलेजातले हॅम पोरगे आपोआप छावणीत येऊन पडत. ती आवक आटली. मग उपग्रह आले, ई-मेल आली. २००३ नंतर इराकमध्ये गेलेला जवान इंटरनेटवरून घरी बोलू लागला. त्याला 'ओव्हर' म्हणायची गरज उरली नाही. संच दुरुस्त करण्याची पद्धतही बदलली. पूर्वी बिघडलेला भाग शोधून डाग द्यायचा असे. आता अख्खा डबा काढून नवा बसवायचा. मोर्स संकेतांची सद्दी संपली. फ्रेंच आरमाराने जानेवारी १९९७ मध्ये मोर्सवर जगाचा निरोप घेतला, तोही अनंत शांततेपूर्वीची आपली शेवटची हाक असे सांगून. २००३ सालच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत हॅम परवान्यासाठी मोर्सची अटही सुटली. आपली तारसेवा जुलै २०१३ मध्ये थांबली. आणि सर्वांत शेवटी, जवानाच्या खिशात मोबाइल आला. ड्यूटीनंतरचे दोन तास ज्या खोलीत जात, ते आता पडद्यावर जातात. ते आपल्याही घरात तसेच जातात. त्यामुळे जवानाला दोष देण्यात अर्थ नाही.

या ओहोटीतला एक योगायोग मला विलक्षण वाटतो. अमेरिकन आरमाराने आपली 'मार्स' शाखा ३० सप्टेंबर २०१५ रोजी बंद केली. आणि त्याच सुमारास, त्याच आरमाराच्या ॲनापोलिस येथील अकादमीने ताऱ्यांवरून जहाजाची जागा ओळखण्याचा विषय पुन्हा शिकवायला घेतला! उपग्रह आहेत, मग तारे कशाला, असे म्हणून तो विषय काही वर्षांपूर्वी काढून टाकला होता. उपग्रहाचा संकेत शत्रूने दाबला तर काय, हा प्रश्न उभा राहिला आणि जुना विषय परत आला. एका हाताने जुनी विद्या आत घेतली आणि दुसऱ्या हाताने तिची सख्खी बहीण दाराबाहेर केली. ही भीती काल्पनिक नव्हती. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर हल्ला केला, त्याच पहाटे एका उपग्रह इंटरनेट सेवेवर सायबर हल्ला होऊन तिचे हजारो मोडेम निकामी झाले. त्याचा फटका जर्मनीतल्या पवनचक्क्यांच्या नियंत्रणालाही बसला.

मी लष्करी माणूस नव्हे. माझी उमर बँकेत गेली. पण 'जादा' गोष्टींचे महत्त्व बँकेत जेवढे कळते तेवढे क्वचित कुठे कळत असेल. मी नोकरीला लागलो तेव्हा बचत खात्याचे व्याज हाताने काढले जाई. महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंतची कमीत कमी शिल्लक बघायची आणि सहा महिन्यांचे गणित मांडायचे. तारेने पैसे पाठवायचे तर गुप्त कोष्टकावरून पडताळ्याचा आकडा काढावा लागे. मग लेजर पोस्टिंगची यंत्रे आली, पुढे सगळ्या शाखा एका मध्यवर्ती संगणकाला जोडल्या गेल्या. काम सोपे झाले, चुका कमी झाल्या, ग्राहक सुखावला. मी त्या बदलाच्या बाजूचाच होतो. पण संगणक बंद पडला तर काय करायचे, याची एक जाडजूड फाइल प्रत्येक शाखेत असे आणि तिच्यात एक वाक्य हमखास असे: 'व्यवहार हाताने चालू ठेवावेत.' वाक्य बरोबर होते. हळूहळू हात मात्र निवृत्त होत गेले. पर्यायी व्यवस्था कागदावर राहू शकते. पर्यायी माणूस कागदावर राहत नाही.

आमच्या एका शाखेतले सुरक्षारक्षक सातारा जिल्ह्यातले, सिग्नल्समधून निवृत्त झालेले. होते हवालदार, पण सारी शाखा त्यांना 'सुभेदार' म्हणे. शाखेची धोक्याची घंटा बिघडली की मेकॅनिकच्या आधी तेच तिच्या पोटात हात घालत. दुपारी गिऱ्हाईक कमी असले की टेबलावर बोटाने टकटक करत बसत. एकदा मी विचारले, तेव्हा कळले की ते मोर्समध्ये समोरच्या कॅलेंडरवरची नावे वाजवत होते. युनिटच्या क्लबातून त्यांनी जपानशी बोलणे केले होते. मी म्हटले, "सुभेदार, दिवसभर तेच काम करून पुन्हा रात्री क्लबात तेच? कंटाळा नाही यायचा?" ते म्हणाले, "साहेब, ड्यूटीवर बोलायचो ते सरकारचं. क्लबात बोलायचो ते माझं."

माझ्या मते सगळा मुद्दा या दोन वाक्यांत आला. शिकवलेले कौशल्य सराव थांबला की गंजते. हौसेने जोपासलेले कौशल्य माणूस पेन्शनीतही घासूनपुसून ठेवतो, कारण ते त्याचे स्वतःचे असते. लष्कराने क्लब बंद केला तेव्हा एक जुनाट संच अडगळीत गेला एवढेच झाले नाही. नेमून दिलेल्या कामापलीकडे यंत्राबद्दल कुतूहल असणारी माणसे तयार होण्याची एक जागा गेली. शिवाय त्या खोलीत जवान आणि कर्नल एका बाकावर बसत. लहरीवर हुद्दा ऐकू येत नाही; संकेतनाम ऐकू येते आणि हाताची सफाई ऐकू येते. हुद्द्यांच्या उतरंडीत अशी एखादी सपाट जागा असणे आरोग्याचे असते.

आता दुसरी बाजूही न्यायाने ऐकली पाहिजे. सुरक्षेचे काय? सीमेवरच्या जवानाने परदेशी माणसाशी गप्पा मारायच्या? हा आक्षेप वजनदार आहे आणि आघाडीच्या ठाण्यावर क्लब काढा असे कुणी शहाणा म्हणणार नाही. पण तुलना करून पाहा. जुलै २०२० मध्ये आपल्या लष्कराने जवानांना ८९ ॲप्स फोनमधून काढून टाकायला सांगितली. कारण खिशातला फोन जवानाची जागा, मित्र, सवयी मुकाट्याने बाहेर सांगतो. हॅमचे बोलणे उघडे असते, साध्या भाषेतच करावे लागते आणि त्याची नोंदवही असते. दोहोंत अधिक धोका कशात? दुसरा आक्षेप असा, की लष्कराकडे आता याहून उत्तम यंत्रणा आहेत. आहेतच, आणि असाव्यातच. हॅमने त्यांची जागा घ्यावी असे म्हणणे नाही. मुख्य यंत्रणा कोसळलेल्या दिवशी उपयोगी पडेल असा माणूस तयार असावा, एवढेच म्हणणे आहे.

असा दिवस आपण पाहिला आहे. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली हॅमचा एक गट पोर्ट ब्लेअरला होता. अंदमानात हौशी प्रक्षेपणाला परवानगी मिळावी म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला होता. गेले होते ते जगभरच्या हॅमना अंदमानशी बोलण्याचा आनंद द्यायला. २६ तारखेच्या सकाळी जमीन हादरली, मागोमाग त्सुनामी आली. टेलिफोन मुके झाले. कार निकोबारच्या हवाई तळाचीही दाणादाण उडाली. छंदासाठी नेलेले ते संच त्या दिवसांत बेटांचा मुख्यभूमीशी असलेला धागा बनले. हरवलेल्यांची चौकशी, वाचलेल्यांचे निरोप त्यांवरून गेले. हा गट तिथे होता तो निव्वळ योगायोगाने. देशाने योगायोगावर किती विसंबावे?

म्हणून काही करण्याजोगे सुचवतो. महूच्या ज्या परिसरात १९४८ साली हे बी पेरले गेले, तिथूनच पुन्हा सुरुवात व्हावी. आघाडीच्या ठाण्यांवर नको. प्रशिक्षण केंद्रांत, जबलपूरला, गोव्याला सिग्नल्सचे जवान घडतात तिथे क्लबाची खोली नांदती करावी. आपल्या साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ सालची, देशातली पहिली. तिथे आणि राष्ट्रीय छात्रसेनेच्या पथकांमध्ये मुलांना परवान्याच्या परीक्षेला बसवावे. ही परीक्षा शाळकरी वयात देता येते. आणि २०२२ पासून अग्निवीर म्हणून भरती झालेले तरुण चार वर्षांनी मोठ्या संख्येने घरी परतणार आहेत. त्यांच्यातल्या काहींनी परवाना आणि ही आवड बरोबर आणली, तर तालुक्या-तालुक्यात पुराच्या, भूकंपाच्या दिवशी उपयोगी पडणारा माणूस आयता उभा राहील. खर्च म्हणाल तर एक खोली, एक संच, एक तार आणि संध्याकाळचे दोन तास मोकळे सोडणारा कमांडिंग ऑफिसर. यातली शेवटची वस्तू तेवढी दुर्मिळ आहे.

आपल्या घरातही हे लागू पडते. मुलगा जुना रेडिओ उघडून बसला, मुलीने गच्चीवर तार बांधायला घेतली, की आपण विचारतो, 'याचा उपयोग काय?' उपयोगाचा प्रश्न हौसेला फार लवकर विचारला, की ती मरते. छावण्यांमध्ये तेच झाले. तिथल्या हिशेबनिसांनी प्रत्येक खोलीला तो प्रश्न विचारला आणि त्या खोलीला चटकन उत्तर देता आले नाही. उत्तर द्यायची वेळ एखाद्या भलत्याच पहाटे येते, आणि तेव्हा उत्तर देणारा माणूस आधीच तयार असावा लागतो.